दोन ते चार फक्त बायकांसाठी

सोम. ४ ऑक्टो. २००४
मासिकाबरोबर आलेल्या सीडीतला नवा ब्राउझर सायबर कॅफेतल्या मशीन ४ वर टाकला. बीटा आहे. म्हणजे पुरता झालेला नाही. वापरा आणि चुका कळवा, असं त्यांचंच म्हणणं. एकाच खिडकीत वर कप्पे. आपल्या रडक्या लाइनवर एक पान येईतो दुसरं वाचता येतं. पण खरी गोष्ट वेगळीच. उडी मारून वर येणाऱ्या त्या घाणेरड्या जाहिराती आल्याच नाहीत! मुद्दाम वाईटात वाईट साइटवर गेले. वर एक पिवळी पट्टी आली, अडवलं म्हणून. बस्स. एकटीच हसले.

मंगळ. ५
आबांना कंपनीत शिफ्टवर कुणीतरी टोचलं, 'तुझी लेक सायबरात बसते ना? पडद्यामागं काय चालतं तिथं?' जेवताना मान वर न करता आबा म्हणाले, "घरात पयली पदवी घेतलीस ती ह्यासाठी काय गो? दिवाळीपर्यंत बघतो. तवर चार घरंदाज बायका तिथं बसलेल्या दाखव. नायतर तुझं महाडला जाणं बंद."
राग आला, पण बायका येत नाहीत हे खरं. गेल्या महिन्यात रुखसानाभाभी आली होती, कतारहून आलेली नवऱ्याची मेल बघायला. मेल उघडायच्या आत नागडी बाई पडद्यावर. भाभी उठली ती परत नाही. चूक तिची नव्हती, आणि उठावं लागलं तिलाच.

गुरु. ७
चाचांना (आमचे मालक) म्हटलं, रमजानात दुपारी दुकान ओसच असतं. २ ते ४ बायकांना द्या, केबिनचे पडदे काढून.
"गिऱ्हाईक कोण आणणार?"
"मी."
"आण. ईदपर्यंत बघू."

शनि. ९
मोठी चूक केली. सकाळी लवकर जाऊन सहाही मशीनवर नवा ब्राउझर टाकला आणि जुन्याचं निळं चिन्ह पुसून टाकलं. लोकांच्या लेखी ते निळं चिन्ह म्हणजेच इंटरनेट! कंपनीतला एक सुपरवायझर, "काय गो, नेट कापलं काय?" मी नवं चिन्ह दाखवलं. "हे नको. नेट दे." निघून गेला. दुपारपर्यंत पाच जण असेच परत.
त्यात चाचांचं मराठी वर्तमानपत्र नव्यात उघडेना. अक्षरांच्या जागी इंग्रजी भुसा. "तुझ्या ह्या पाहुण्याला मराठी येत नाय. काढ त्याला."
"नाही काढणार."
मालकाला असं बोलले मी. 
शेवटी तोड: १ ते ३ जुना, ४ ते ६ नवा. वर्तमानपत्राची तक्रार ब्राउझरवाल्यांना इंग्रजीत लिहून पाठवली. शब्दकोश चारदा उघडला. चुका कळवा म्हणतात ना? घ्या मग.

सोम. १८
रु.भाभीच्या घरी गेले. सासू दारातच, "आमची सून तसल्या जागी यायची नाय."
म्हटलं, "खाला, तुम्हीच चला. तिच्या शेजारी बसा."
 त्यांनी चपला घातल्या.
दोघी कॅफेत अर्धा तास बसल्या. एकदाही काही उडी मारून वर आलं नाही. मेलमधल्या मुलाच्या फोटोला बोट लावून सासूबाई म्हणाल्या, "काळा पडला गो."

शुक्र. २९
आज सात जणी. उमरठची एक मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. अर्ध्यावर ब्राउझर आपोआप बंद. सगळं पुन्हा. ती रडकुंडीला, मीही. तीही तक्रार पाठवली. पहिलीचं उत्तर अजून नाही. न येवो. लिहीत राहणार.

बुध. ३ नोव्हें.
साडेतीनला आबा. पहिली शिफ्ट सुटल्यावर डबा हातात घेऊन तडक आलेले. पायरी चढले. मी दारात आडवी आले.
"आबा, चारपर्यंत बायकांची वेळ आहे."
"मी बाप हाय तुझा."
"म्हणूनच सांगते. तुम्हाला आत सोडलं तर उद्या कुणालाच अडवता येणार नाही."
बाहेरच्या बाकावर चाचा सरकले. "बसा, भाऊ. दुकान माझं, मलापण आत घेत नाय ती."
आबा बसले. पडदे नव्हतेच, तिथून सगळं दिसत होतं. भाभी, खाला, उमरठची मुलगी, आणखी दोघी. माझी पाठ आबांकडे होती. वळून बघायचं नाही, असं ठरवलं होतं. नाही बघितलं.
घरी जाताना एस.टी.त शेजारी बसलो. पोलादपूरला उतरताना आबा म्हणाले, "उद्यापण चारपर्यंतच?"
"रोज."
पुढे चालू लागले. दिवाळीचं काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही. विचारणारही नाही. उद्या सातची महाडची गाडी.