केशरी दिवा

आदरणीय झोहरा मावशी,

तुझा हात डोळ्यांना लावून नूफलचा सलाम. गुडघे कसे आहेत? बेटावर वारा सुटला की ते धरतात, तेव्हा उगाच ओट्यावर बसू नकोस. मी बरा आहे. नोकरीचं मात्र काही खरं नाही, तेच लिहायला बसलोय.

तुझा लेक नझीर आमच्या ऑलिव्हच्या घाण्यावर मॅनेजर झाल्यापासून (कोट शोभतो हो त्याला, नाही म्हणत नाही) रोज काहीतरी सुधारत असतो. परवा माझ्या खोलीत आला. तिथे स्विच आहे, म्हणजे घाण्यातल्या सगळ्या संगणकांच्या तारा जुळतात ती पेटी. वजनकाट्यापासून तिथवर दोन तारा येतात. एक चालू, दुसरी अडीनडीला. दोन्ही एकदम चालू झाल्या तर एकच निरोप त्यांतून गोल गोल फिरत, वाढत सगळं तुंबवतो. म्हणून स्पॅनिंग ट्री नावाची सोय दुसरीला गप्प बसवते. तिचा दिवा केशरी, बाकीचे हिरवे.

"हा का बसून खातोय?" नझीरने केशरी दिव्याकडे बोट दाखवत विचारलं. मी कारण सांगितलं. "मला शिकवू नकोस रे! उद्या मालक येणार, सगळे हिरवे पाहिजेत. बंद कर ती सोय!"

केली बंद. सगळे हिरवे झाले आणि कॉफी गार व्हायच्या आत काटा मुका झाला. सोय परत चालू करायची, पाच मिनिटांचं काम होतं. पण दिवे हिरवे आहेत म्हणजे दोष काट्याचाच, असं म्हणत नझीरने काटेवाल्याला बोलावलं (त्या बिचाऱ्याने काटा तीनदा खोलला) आणि मालक येऊन जाईपर्यंत मला स्विचला हात लावू दिला नाही. वजनाशिवाय माल आत घेता येत नाही. ऑलिव्ह घेऊन आलेल्या बागवाल्या सी बशीरची फळं गाडीतच तापून आंबली. म्हातारा भांडला नाही गं, नुसता मूठभर फळं हुंगत उभा राहिला. फार वाईट वाटलं मला.

आता नझीरने मालकाला माझं नाव सांगितलंय. गुरुवारी निकाल.

तुझा,
नूफल

ता. क. नझीर फक्त तुझ्यापुढे मान खाली घालतो. गुरुवारच्या आत त्याला बोलावून घे आणि मालकाला खरं सांगायला लाव.

आणखी ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मी कारण सांगितलं ते एकदाच, तेही पुटपुटत. म्हटलं, जिरू दे एकदा साहेबांची. तेव्हा सी बशीरची गाडी मला खिडकीतून दिसत होती. नझीरला पत्र वाचून दाखवशील तेव्हा एवढं गाळ. सी बशीरकडे जायचा मात्र मला अजून धीर होत नाही.