मेढेकोटाचं मूळ

४ जून
आज शब्दकोशाच्या बैठकीत नानांना तोंडघशी पाडलं. शब्द मेढेकोट. लाकडी खांब शेजारी शेजारी रोवून केलेली तटबंदी. अर्थावर वाद नव्हता, मुळावर होता. मी म्हटलं, शब्द लढाईचा. नानांचं म्हणणं, मेढा मुळात खळ्यातला — मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब. आधार सांगता सांगता ते अडखळले, गप्पच झाले. मी म्हटलं, "नाना, बैल सुटले वाटतं!" सगळे हसले. नानाही हसले — जरा उशिरानं.

५ जून
नाना आले नाहीत.

९ जून
संपादकांनी सांगितलं, नानांनी काम सोडलंय. कारण कळवलं नाही. खोलीत कुणी माझ्याकडे बघेना. त्यापेक्षा बोलले असते तर बरं!
या माणसानं मला नोंद लिहायला शिकवलं. माझी पहिली नोंद लाल शाईनं रंगवून परत केली, आणि माझं तोंड उतरलेलं बघून स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला.
नानांच्या घरी फोन केला. वहिनींनी घेतला. बरं नाहीये त्यांना, एवढंच म्हणाल्या.

१२ जून
जुने कोश उपसले. संस्कृतात 'मेथि' — खळ्यात बैल बांधायचा खांब. प्राकृतात 'मेढि'. त्यावरून आपला मेढा. असे मेढे ओळीनं रोवले की झाला कोट. म्हणजे आधी धान्य, मग लढाई. नानांचंच बरोबर.
जिभेला हाड नसतं, हे मला कोशात बघावं लागू नये.

१३ जून
नोंद बदलली. चूक माझी, असं संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, हे नानांना जाऊन सांगा.

१४ जून
त्यांच्या घरी गेले मी. नाना खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. मी सगळं एका दमात बोलले — मेथि, मेढि, माझा आगाऊपणा. ते मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं ठेव." इतक्या वर्षांत असं कधी म्हणाले नव्हते! निघताना वहिनींचे डोळे भरलेले. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

१५ जून
वहिनींचा फोन. वर्षभर शब्द निसटताहेत नानांचे. काम त्यामुळेच सोडलं. "काल तुम्ही गेल्यावर मला विचारलं — मेढा म्हणजे काय गं?"