कबर नाही तर थट्टाही नाही

२ सप्टेंबर

शाळेची तिसरीच्या वर्गाची खोली आजपासून फादझाई बाईंना दिलीय. त्या शहरातून आल्यात. मार्चच्या वादळातून वाचलेल्या पोरांच्या मनाची विचारपूस करायला. मी शाळेचा शिपाई, म्हणून खुर्च्या मांडणं माझ्याकडे. आमच्या चिमानिमानी डोंगरातली बोली त्यांना नीट कळत नाही, म्हणून शेजारी बसणंही माझ्याकडेच.

त्यांच्याजवळ एक छापील कागद आहे. 'गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस उदास वाटलं?' आज अकरा पोरं आली. अकराही जणांचं उत्तर — एकही दिवस नाही!

"नवलच आहे," बाई म्हणाल्या. "इतकी सुखी पोरं मी शहरातसुद्धा पाहिली नाहीत."

५ सप्टेंबर

आज धीर करून सांगितलं. "बाई, परक्यापुढे 'मी उदास आहे' म्हणणं म्हणजे घरच्यांची चहाडी. आजी पोटभर वाढत नाही, असा अर्थ होतो त्याचा."

"मग विचारू तरी काय?"

"विचारा, डोक्यात विचार फार फिरतात का? ते सगळ्यांच्याच फिरतात, त्यात कुणाची बदनामी नाही."

त्यांनी तसं विचारलं. पहिल्याच मुलीनं पाऊण तास त्यांना सोडलं नाही. बाईंचा चहा गार!

शब्द तेवढा बदलला. दुःख तेच. गंमत आहे खरी.

९ सप्टेंबर

शमिसो मुयाम्बोला तिची आजी हाताला धरून घेऊन आली. पोर सोळा वर्षांची. बाप वादळात वाहून गेला, तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही. सहा महिने!

आजी बाईंना म्हणाली, "वेडी नाही हो ती. मक्याच्या पिठाचा सादझा घोटते, पाणी भरते. आवाज तेवढा कुठेतरी ठेवून विसरलीय."

मला पाहिल्यावर पोरीनं तोंड फिरवलं.

बाई मागाहून म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर तिला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागेल. किती दिवस, ते सांगता येत नाही. आजीला तिच्याशिवाय कोणी नाही. तिलाही आजीशिवाय.

१० सप्टेंबर

तोंड का फिरवलं? दिवसभर तेच.

१३ सप्टेंबर

बाईंना सांगून टाकलं. मी मुयाम्बो घराण्याचा साह्विरा आहे. बापजाद्यांपासूनचं नातं. त्यांच्याकडे मयत झालं की मेलेल्याचे कपडे अंगात घालून त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, भाऊबंदांना चार शिव्या हासडायच्या — हे माझं काम. कुणी रागवायचं नाही. आमच्याकडे झालं की हेच काम त्यांचं.

"मग केलंत का हे?"

"कसं करणार? देह मिळाला नाही. नदीनं सीमेपलीकडे नेला म्हणतात. कबर नाही तर मयत नाही, मयत नाही तर थट्टाही नाही. आणि साह्विरा गंभीर तोंड घेऊन त्या घरची पायरी चढत नाही. म्हणून मी गेलोच नाही."

खरं तर आजी समोरून येताना दिसली तर मी केळीच्या बागेतून वळून जायचो. मान राखतोय असं समजत होतो.

बाई पेन फिरवत बसल्या. "तिला कुणी सांगितलं का, तुम्ही का येत नाही ते?"

"त्यात सांगायचं काय? माहीतच असतं."

"सोळा वर्षांच्या मुलीला?"

मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या घरी कोण आलं, तफाराचे बाबा?"

म्हटलं, खुर्च्या आवरायच्यात.

आमचा पोरगा तफाराही त्याच वादळात गेला. त्याचं इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.

१५ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेत एकच विचारलं — मेलेल्या माणसाची नक्कल केलेली देवाला चालते का? उत्तर आलं नाही. पण तेवढ्यात आमचे पाद्री पोट सावरत वेदीकडे निघाले आणि मला हसू दाबावं लागलं. ते उत्तर होतं काय? देव जाणे.

१८ सप्टेंबर

बाईंना घेऊन मुयाम्बोंच्या दारात गेलो. आजी शेंगा सोलत होती.

"आलास? मला वाटलं, नदीनं तुलाही नेलं."

मान खाली घातली. म्हणालो, कबरीची वाट बघत होतो.

"कबर!" म्हातारी उसळली. "माझ्या सासूच्या काळात खाणीत गाडल्या गेलेल्या माणसासाठी बकऱ्याचं डोकं आणि त्याचा कोट पुरला होता. झाली कबर!"

"मग तुम्ही का नाही केलं, आजी?" बाईंनी विचारलं.

"आईनं कसं म्हणायचं, माझा लेक मेला म्हणून? ते तोंडावर सांगायचं काम साह्विऱ्याचं. आम्ही याची वाट बघतोय!"

मी कबरीसाठी थांबलेलो, ते माझ्यासाठी. सहा महिने! आणि मधे ती पोर.

दाराआड शमिसो उभी होती. तिच्यासमोरच म्हणालो, "आजी, तुमचा लेक गेला." आयुष्यात एवढं जड वाक्य उचललं नव्हतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज पुरलं. बकऱ्याचं डोकं, कोट, वर माती. मी आधी केळीच्या बागेतल्या वाटेवर जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करून आलो. मग गेलेल्या मुयाम्बोचे गमबूट चढवले.

तो केळ्यांच्या दलालाशी भांडायचा तसा भांडलो. चर्चमध्ये सगळ्यांच्या एक ओळ मागे गायचा तसा गायलो. त्याच्या चुलत्याला म्हणालो, "तू कशाला रडतोस? माझं फावडं आधी परत कर!" लोक पोट धरून हसत होते, डोळे पुसत होते. फादझाई बाईंचा हात तोंडावरच राहिला.

शमिसो हसली नाही. मी त्याचं लंगडत चालणं दाखवलं, आणि मागून आवाज आला —

"चूक!"

शमिसो पुढे आली.

"बाबा डावा पाय ओढायचे. उजवा नाही." घोगरा, गंजलेला आवाज. मग — "आणि तुम्ही इतके दिवस आला का नाहीत? मला वाटलं, तुम्ही आम्हाला टाकलंत."

मी डावा पाय ओढत चाललो. मग ती आजीच्या कुशीत शिरून रडली. संध्याकाळपर्यंत.

२४ सप्टेंबर

इस्पितळ रद्द. दर मंगळवारी मात्र तिनं बाईंकडे यायचं. आज थोडी बोलली, बरीच गप्प होती. बाईंनी छापील कागदाच्या तळाशी हातानं प्रश्न वाढवलाय — 'तुमच्या घरचा साह्विरा कोण? येऊन गेला का?'

२९ सप्टेंबर

चर्चहून आलो तर अंगणात शमिसो. बायकोकडून तफाराची टोपी मागून घेतलेली, उलटी घातलेली. गरम सादझाचा गोळा या हातातून त्या हातात, फू फू, उड्या — हुबेहूब आमचा तफारा! साह्विऱ्याची जागा बापामागून लेकीकडे येते. मुयाम्बोची जागा आता तिची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बायको हसता हसता खांबाला धरून खाली बसली. मी नुसता उभा.

पोरीनं कमरेवर हात ठेवले. "तफाराचे बाबा, रडा की आता! मी काय दिवसभर नाचू?"