सेंट्रलवर सुटलेला हात

अप्पा, गेल्या मंगळवारी दुपारी आई सेंट्रल स्टेशनवर माझ्या हातून सुटली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तिचं विसरणं आता फार वाढलंय. तिला बेंगळूरला दादाकडे न्यायचं म्हणून आम्ही अण्णा नगरहून मेट्रोनं आलो. खालच्या स्टेशनात सरकत्या जिन्यापाशी ती बिचकली. मी बॅग घेऊन पायरीवर चढले होते. जिना मला एकटीलाच वर घेऊन गेला. धावत खाली आले तर आई नाही.

लहानपणी इथेच माझा हात सुटला होता, तेव्हा तुम्ही दटावलं होतंत, "हरवलीस तर जागची हलू नकोस. शोधणारा येतो." त्या सवयीनं मी जिन्याखाली उभीच राहिले. मग लक्षात आलं, आता शोधणारी मीच आहे.

मग पळते. तिकीटखिडक्या, भुयारी वाट, लोकलचं स्टेशन, रस्त्यावरचा बसथांबा. बसगाड्या सुटताहेत आणि प्रत्येक खिडकीत मला तिचंच पांढरं डोकं दिसतंय. पहाऱ्यावरची पोलीसबाई तमिळमध्ये विचारते, "अम्मांची साडी कुठल्या रंगाची?" मला सांगता येत नाही. सकाळी मीच नेसवलेली, अप्पा! वर आमच्या गाडीची घोषणा चालू.

सापडली ती मोठ्या हॉलमध्ये, उत्तरेकडून आलेल्या मजुरांच्या बोचक्यांशेजारी, जमिनीवर. त्यांचं तान्हं मांडीवर घेऊन थोपटत होती. मी ओरडलेच, "आई!"

"हळू. पोर जागं होईल."

"चल, गाडी सुटतेय."

"मी नाही येत. माझी लेक यायची आहे."

"अगं, मीच ती!"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग सरकून जागा केली. "दमलात. बसा," म्हणाली. आईनं मला अहोजाहो केलं, अप्पा.

मी बसले. गाडी गेली. पोराच्या आईनं मला पाणी दिलं. तान्ह्याला थोपटता थोपटता आईनं विचारलं, "तुमचं कोण यायचंय?"

तोंडून निघून गेलं, "माझे अप्पा."

"येतील हो. गर्दी किती आहे."

दादाला सांगितलं, रस्त्यात अडकलो, गाडी चुकली. हे पत्र तर कुठे टाकायचंच नाही, म्हणून खरं ते लिहिते. ती 'येतील' म्हणाली तेव्हा मी खरंच मान वळवून दाराकडे पाहिलं होतं.