नंबर ४१ फोन उचलत नाही

६ एप्रिल, सकाळी ७
साथीमुळे ओपीडीची सूत्रं अखेर योग्य हातात आली. माझ्या. साहेब म्हणाले, ब्रदर, तुम्ही इन्चार्ज, गर्दीचं काहीतरी करा. काहीतरी? सगळंच करतो! आजपासून पेशंटने आपणहून यायचं नाही, आपण फोन करून बोलवायचं. तीनदा उचलला नाही तर यादीच्या तळाशी. सीनियर सिस्टर म्हणाल्या, बघू. रिटायरमेंट जवळ आली की होतं माणसाचं असं.
संकल्प: रोज आठ ग्लास पाणी. आवाज चढवायचा नाही.

७ एप्रिल
यादीत आणि फाइलवर नावं बंद. फक्त कार्डाचे नंबर. नाव दिसलं की ओळख निघते, ओळख निघाली की वशिला. ड्युटीवर सगळ्यांचे मोबाइल लॉकरमध्ये. माझासुद्धा.
संध्याकाळी आईला फोन. ड्युटी सोडली तर वीस दिवस मी स्वतःला हॉस्टेलच्या खोलीत कोंडून घेतलंय. तिला साखर, घरी जाऊन साथ कशाला न्यायची? एकटीच असते, फसवणुकीचे फोन येतात. बजावून सांगितलं, अनोळखी नंबर दिसला की कट करायचा, काही होवो. बरं म्हणाली. पायाच्या बोटाचं काहीतरी सांगत होती. म्हटलं, उद्या.

११ एप्रिल
छप्पन्न फोन, उचलले एकोणीस. लोकांना स्वतःच्या तब्येतीची पडलेलीच नाही! सीनियर सिस्टर म्हणाल्या, आपला नंबर नवा आहे, लोक घाबरत असतील. म्हटलं, आपण काय पोलीस आहोत?
पाणी: दोन ग्लास. पीपीई किट चढवलं की सहा तास काढता येत नाही, लघवीलाही नाही. प्यायचं तरी कोणत्या हिमतीवर?

१५ एप्रिल
नंबर ४१. साखर, पायाचं ड्रेसिंग. दुसऱ्यांदा तळाशी. उचलत नाही एवढंच नाही, चक्क कट करतो! असल्या लोकांपायी नाकी नऊ येतात. फाइलवर लाल पेनने लिहिलं: निष्काळजी. अक्षर छान आलं.
सीनियर सिस्टर म्हणाल्या, कोण आहे ते तरी बघू या. म्हटलं, एकाला सूट दिली की शंभर उभे राहतात.
लॉकरमधल्या मोबाइलवर आईचे चार मिस्ड कॉल. संध्याकाळी लावला. बोट दुखायचं थांबलंय म्हणे. चला, एक काळजी मिटली. दवाखान्यातून बोलावणं येईल ना, असं विचारत होती. म्हटलं, येणारच, सिस्टिम माझी आहे. ती निश्चिंत झाली. मीही.

२२ एप्रिल, दुपारी
बोलावणं नसताना कोणी बाई आली म्हणून वॉचमनने गेटवर अडवली. नियम समजावायला मी स्वतः गेलो. माझा आवाज लांबूनच चढला होता.
आई. एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं. म्हणाली, पंधरा दिवस वाट पाहिली रे, बोलावणंच आलं नाही. वॉचमनला माझं नाव का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणे, तुला वशिला आवडत नाही ना! हातात कार्ड. ४१.
साखरेच्या पायाचं दुखणं थांबलं तर ते चांगलं लक्षण नव्हे, हे मी दरवर्षी नव्या नर्सना शिकवतो. दरवर्षी.
किटमध्ये रडता येत नाही. चष्म्यावर वाफ धरते आणि पुसताही येत नाही.

२४ एप्रिल
पायाची करंगळी काढली. सर्जन म्हणाले, पेशंटने उशीर केला. सीनियर सिस्टरनी ४१ ची फाइल माझ्यासमोर ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. 'निष्काळजी' खोडलं. लाल शाई, खालून दिसतंच.
वॉर्डात नातेवाइकांना बंदी. नोटिशीवर सही माझीच. काचेबाहेर उभा राहिलो. माझा मोबाइल लॉकरमध्ये, म्हणून ओपीडीचा मोबाइल आणून, फाइलमधला नंबर बघून आईला लावला. तिने हातात घेऊन नंबर नीट बघितला. कट केला.
मग काचेतून माझ्याकडे बघून हसली आणि बोट हलवून खूण केली, नाही उचलला हं.