दिवे घालवा, भानोलं लावलंय

२ जानेवारी १९५६, सोमवार

ओव्हन आला. लोहार चाळीतून हमालाच्या डोक्यावर, मागे मी. आमच्या वाडीत शिरल्यापासून सगळ्या गॅलऱ्यांतून माना बाहेर. बघू देत.

पांढरी पत्र्याची पेटी. पुढे काचेचं दार, आत वर-खाली तारांची वेटोळी, बाहेर एक बटण आणि त्यावर १, २, ३. टेबलावर ठेवला तेव्हा सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. मान वळवून पाहिलं, परत जप. नंतर एवढंच म्हणाल्या, "शेगडीनं काय पाप केलं होतं?"

काही नाही. पण ऑफिसातून सहाला यायचं, कोळसे फुलवायचे, भानोल्याच्या टोपाखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि खोकत पंखा घालत बसायचं. हे होते तोवर केलं. हे जाऊन दीड वर्ष झालं. पगार माझा, छाती माझी. कोणाला विचारलं नाही.

४ जा., बुधवार

यंत्राचे स्वभाव कळायला लागले. १ वर ठेवलं तर कोमट. ३ वर लंकादहन. २ वर काहीच होत नाही, दुकानदारानं तो आकडा शोभेला दिलाय. दार धड लागत नाही, वरवंटा टेकवून ठेवावा लागतो. अनवाणी हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या. म्हणून पाटावर उभं राहून बटण फिरवायचं.

कोबीचं भानोलं केलं, बेसनात कालवून भाजायचं ते. डावीकडे कोळसा, उजवीकडे कच्चं पीठ. चारू म्हणाली, "आई, मधलं छान झालंय." बारा वर्षांची पोर, बापासारखी सांभाळून बोलते.

सा.बा.: "शेगडी माळ्यावर नको टाकूस."

टाकली.

७ जा., शनिवार

अर्धा दिवस ऑ. आज सोड्यांचं भानोलं, चारूसाठी. कोबी, सुक्या कोलंबीचे सोडे, बेसन, नारळाचं दूध, घरचा संबार मसाला. अर्ध्यावर टोप फिरवला, डावी बाजू उजवीकडे. ही युक्ती जमली. दोन्हीकडे सारखा रंग.

मीठ बघायला कोपरा तोडला. मासळी घरात रोज रांधते, खात नाही. सा.बा. खात नाहीत, त्यांचे यजमान गेले तेव्हापासून. ह्यांच्या तेराव्यानंतर माझ्या पानातून आपोआप गेली. कोणी नको म्हटलं नाही. वाढणाऱ्यानं पळी पुढे नेली, इतकंच.

मीठ बरोबर होतं. तरी दुसरा तुकडा घेतला. मग अख्खी वडी. उभ्यानं, ओव्हनपाशी, पाटावर उभी राहून. कोणी आलं असतं तरी ठेवली नसती.

८ जा., रविवार

उभ्यानं खायला मी चोर आहे का? आज पानात वाढून घेतलं. सा.बा. समोर. त्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं, आपलं पान उचललं आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. चारू दोघींकडे बघत राहिली. मी वडी संपवली. खरं सांगायचं तर घशाखाली उतरत नव्हती. पण संपवली.

११ जा., बुधवार

संध्याकाळी ओव्हन लावला आणि मजल्यावरचे सगळे दिवे गेले. समोरचे नाना हातात बॅटरी घेऊन दारात. "मालतीबाई, ही तार दिव्यांसाठी आहे. तुमच्या भट्टीसाठी नाही."

"मग काय करू?"

"दिवे लागायच्या आत आटपा."

"दिवे लागतात तेव्हा मी ट्रॅमधून उतरते, नाना."

त्यांनी फ्यूज बांधला. मी आमचा दिवा घालवून ओव्हन पुन्हा लावला. फ्यूज टिकला. म्हणजे दिवा किंवा भानोलं. आम्ही तिघी अंधारात बसलो, काचेतून लाल उजेड. चारूला मजा वाटली. सा.बा. पाठ करून बसल्या.

१४ जा., शनिवार

संक्रांत. चारूला मोठे भावजी सकाळीच दादरला घेऊन गेले. म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. चारूवर त्यांचा जीव आहे, ते नाकारत नाही.

सुशीलाबाईंकडे, म्हणजे नानांच्या घरी, हळदीकुंकू. मजल्यावरच्या सगळ्या गेल्या. मला बोलावणं नाही, असणारही नव्हतं. दुपारी नानकटाई लावली. भरपूर तूप, वेलची. वास त्यांच्या बैठकीत गेला असणार. जाऊ दे.

१५ जा., रविवार

मो.भा. चारूला पोचवायला आले आणि बसले. चहा घेतला नाही.

"मालती, तू मासळी खातेस म्हणे."

चारूचा चेहरा पडला. तिकडे कोणीतरी विचारलं असेल, आज आईनं काय केलं होतं, आणि पोरगी खरं बोलली. तिची काय चूक?

"खाते, भावजी."

"आईसमोर?"

"माझ्या पानात."

मग ओव्हनवर आले. बायकांचे शौक, साहेबी थाट, ह्यांच्या मागे तुला कोणी आवरायला नाही वगैरे. मी ऐकलं. शेवटी म्हणाले, "ही पेटी परत कर आणि घरचं वळण पूर्वीसारखं ठेव. नाहीतर पुढच्या रविवारी आईला मी दादरला नेतो. खोलीच्या भाड्याची पावती आईच्या नावावर आहे. आई इथं राहिली नाही तर खोलीचं काय करायचं ते मालकाशी बोलावं लागेल."

म्हणजे मी आणि चारू रस्त्यावर. तसं म्हणाले नाहीत. सभ्य माणूस आहे.

मी म्हटलं, "पेटी परत जाणार नाही."

सा.बा. एकदाही बोलल्या नाहीत. ना भावजींच्या बाजूनं, ना माझ्या. मला जास्त राग त्याचाच आला.

१६ जा., सोमवार

आज मी मजल्याची शत्रू झाले.

रेडिओवर मुंबईचा निकाल सांगणार म्हणून सगळे नानांच्या खोलीत. गॅलरीतही माणसं. मी घरी, दिवा घालवून, ओव्हन लावलेला. माझ्या लक्षात आलं नाही की आज नानांकडे रेडिओ, पंखा, दोन दोन दिवे. पंतप्रधानांचं भाषण ऐन मुद्द्यावर आलं आणि काळोख. रेडिओ मुका.

मग नाना, "पुन्हा ती भट्टी."

मी दारात जाऊन उभी राहिले. लपले नाही. "हो, माझीच."

कोणी काय म्हणालं ते लिहीत नाही. सुशीलाबाई बऱ्याच म्हणाल्या. तेवढ्यात खालून रस्त्यावरून आरडाओरड आली, मग घोषणा. कोणीतरी जिन्यातून ओरडत वर आलं: मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे. रेडिओ चालू असता तरी तेच ऐकलं असतं. पण सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मुंबई मीच घालवली.

नानांनी फ्यूज बांधला. म्हातारा खाली मान घालून रडत होता. मी मेणबत्ती धरून उभी राहिले.

१७ जा., मंगळवार

ऑ. बंद. ट्रॅम बंद. दगड, अश्रुधूर. डोळ्यांवर ओला पंचा धरून सा.बा. खिडकीत. "आत या" म्हटलं तर हलल्या नाहीत. "माझी मुंबई आहे. मी बघणार."

इतका आवाज त्यांच्यात आहे, मला ठाऊक नव्हतं.

१८ जा., बुधवार

कर्फ्यू. गोळीबाराचा आवाज फटाक्यासारखा नसतो. कोरडा असतो. चारूला ओट्याखाली बसवून पाढे म्हणायला लावले. दूध नाही, पाव नाही. हिरवी भाजी काल संपली.

१९ जा., गुरुवार

सुशीलाबाई दारात. हातात मैद्याचं पातेलं. तीन दिवसांपूर्वी मला काय काय बोलल्या होत्या.

"तुमच्या त्याच्यात पाव होतो का हो?"

"पाव नाही होणार. खमीर नाही. जाड रोट होतील."

"घरात रॉकेल नाही. कोळसाही संपला. मुलं उपाशी आहेत."

सांगणार होते की दिवे लागायच्या आत या. जिभेवर आलं होतं. गिळलं. "ठेवा," म्हटलं. मग त्यांच्या मागोमाग बाकीच्या. कोणाचं बेसन, कोणाचा रवा, कोणाचे दोन कांदे.

संध्याकाळी नाना गॅलरीत फिरून ओरडत होते, "दिवे घालवा, भानोलं लावलंय." अख्खा मजला काळोखात. ओव्हनचं दार वरवंट्यानं धरेना, चारू पाटावर उभी राहून लाटण्यानं रेटत राहिली. डावी बाजू करपलीच. करपलेले तुकडे मी ठेवले.

२० जा., शुक्रवार

मागच्या वाडीतला मुलगा गेला. कॉलेजात होता. गोळी कुठे लागली त्याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. त्याची आई आमच्याकडून विरजण न्यायची. सा.बा. आणि ती जिन्यात तासन्‌तास बोलत उभ्या राहायच्या. कर्फ्यूमुळे तिच्याकडे जाताही येत नाही.

दुपारी घरात तांदूळ, थोडं बेसन, कांदे आणि सोडे. बटाटे कालच संपले. सोड्यांचं भानोलं केलं, कांदा भरपूर. सा.बां.साठी नुसता भात आणि मिठाचं ताक, ताकही शेवटचं. त्यांचं पान खिडकीपाशी मांडलं.

त्यांनी पान उचललं आणि आमच्या ओळीत आणून ठेवलं.

"वाढ मला."

"आई, सोडे आहेत त्यात."

"माहीत आहे. माझं नाक गेलेलं नाही."

माझी पळी तिथंच थांबली. चारूसुद्धा जेवायची थांबली. सा.बा. पानाकडे बघत बोलल्या, कोणाला उद्देशून नाही. "सासरे गेले तुझे, तेव्हा माझ्या सासूबाईंनी माझ्या पानातली मासळी काढून घेतली. मला कोणी विचारलं नाही. मग तुम्हा सगळ्यांसाठी रोज मी रांधत राहिले. रोज वास घेत राहिले. तुझं पानही मीच तसं सोडलं, मालती. पळी पुढे नेणारी मीच होते."

मला आठवत होतं. मी कधी बोलले नव्हते.

वाढलं. हळू खाल्लं त्यांनी. पहिल्या घासाला डोळे मिटले. मग म्हणाल्या, "संबार कमी पडलाय."

कमी पडलाच होता.

२२ जा., रविवार

मो.भा. येणार होते. दादरहून निघता आलं नसणार. रविवार असाच गेला. बाहेर थोडं शांत, पण लष्कराच्या गाड्या फिरताहेत.

सा.बा. दुपारी मागच्या वाडीत जाऊन आल्या. सोबत मी. त्या मुलाच्या आईनं माझा हात धरून ठेवला. परत येताना सा.बा. जिन्यात मध्येच थांबल्या. धाप लागली म्हणाल्या. मी त्यांच्या पायरीवर थांबले.

२४ जा., मंगळवार

ऑ. सुरू. साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे सगळं ठीक?" मी म्हटलं, "नाही." त्यांना असं उत्तर अपेक्षित नसतं.

घरी आले तर सा.बा. पाटावर उभ्या, डाव्या हातात पदर धरून उजव्या हातानं बटण फिरवताहेत. चारू शिकवत होती. "आजी, दोनवर नाही ग. दोन फुकटचा आहे."

२६ जा., गुरुवार

सुट्टी. नानांच्या गॅलरीत काळा झेंडा. आमच्याही कठड्याला एक, सा.बां.च्या छत्रीचं कापड.

मो.भां.चा निरोप आला, रविवारी नक्की येतो, आईचं सामान तयार ठेवा. सा.बां.नी निरोप ऐकला. "बरं," म्हणाल्या. फक्त बरं. रात्रभर ते बरं डोक्यात. कुठल्या बाजूचं बरं? विचारायचा धीर होत नाही आणि न विचारायचाही नाही.

२७ जा., शुक्रवार

मालकाचं भाडं वसूल करणाऱ्या मेहतांना गाठलं. आई दादरला गेल्या तर खोलीचं काय, सरळ विचारलं. म्हणाले, बघू, घाई काय. हसले. मी म्हटलं, "मी इथं नांदायला आले, इथंच माझी मुलगी झाली. बघू नाही, लिहून द्या." लिहून दिलं नाही. पण हसणं थांबलं.

खोली गेली तर ओव्हन डोक्यावर घेऊन दुसरी शोधीन. पण आधी भांडीन.

२८ जा., शनिवार

ऑ.तून येताना ओले बोंबील घेतले, बऱ्याच दिवसांनी कोळीण बसली होती. घरी आले तर सा.बां.ची ट्रंक पलंगाखालून बाहेर. वर दोन लुगडी घडी करून ठेवलेली. मी बघितलं आणि बोंबील मोरीत नेले.

मागोमाग आल्या. पदर खोचला, माझ्या हातातली सुरी घेतली.

"तुला पाणी काढता येत नाही बोंबलाचं. म्हणून तुझं भानोलं ढिलं होतं. फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबून ठेवायचे." आणि कामाला लागल्या.

मी विचारलं, "उद्या पानं किती मांडू?"

"चार. आणि चारही पानांत सारखं वाढ."

"भावजी उठून जातील."

"आईच्या पानावरून कसा उठतो ते बघते ना मी."

"आणि तुम्हाला न्यायलाच बसले तर?"

त्या बोंबील पुसत राहिल्या. एक, मग दुसरा. ट्रंकेबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग म्हणाल्या, "कोथिंबीर दोन जुड्या आण. त्याला लहानपणापासून जास्त लागते."