कोन वाचायला कुणीतरी

प्रिय वन्सं,

नमस्कार. नव्या कवळीशी तुमचं जमलं का? ती तुमच्याआधी बोलायला लागते असं तुम्ही लिहिलं होतं. मग घरात दोघी झालात, बरंच झालं. मी ठीक आहे. वजन जरा उतरलंय, कारण एकटीपुरतं एवढंसं पातेलं चढवलं की ते बघूनच भूक जाते.

तुमच्या भावाने मागे काय ठेवलं ते तुम्हाला ठाऊकच आहे: कपाटभर पुठ्ठ्याच्या नळ्या आणि एक पिवळं रॉकेट, रंगवून तयार, कधीच न उडवलेलं. ते किती उंच जातं हे मला बघायचंय. (हसाल. हसा.) उंची मोजायची आमची रीत साधी होती. हे मैदानात ठरल्या जागी उभे राहून एका नळीतून रॉकेटवर नेम धरायचे. नळीला कोनमापक, आणि त्यावर वजन बांधलेला दोरा लोंबता. रॉकेट अगदी वर पोचलं की हे ‘हां’ म्हणायचे आणि दोरा कुठल्या आकड्यावर आहे ते मी वाचायचे. कोन कळला की उंची कोष्टकात सापडते. इतकी वर्षं माझं काम तेवढंच. मला वाटायचं, ते काय, कुणीही करेल.

जुनी नळी मोडली (मी तिच्यावर बसले, हे कुणाला सांगू नका), म्हणून नवी मीच केली. कोनमापक घेताना दुकानदाराने विचारलं, नातवाला का? मी हो म्हटलं आणि त्या नसलेल्या नातवासाठी खोडरबरही घेऊन आले. वजन म्हणून घराची किल्ली बांधली, तीही कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेल्या गाठीने, जी सुटत नाही. मैदानावरून परतल्यावर दार उघडायला सगळं यंत्रच कुलपाशी न्यावं लागलं. नळी माझ्या नाकाशी, कोनमापक कडीत अडकलेलं. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, बेल वाजवा ना. सवयीने मी वाजवलीही. मग तिने नळी धरली आणि मी किल्ली फिरवली.

मैदानावरची शोभा तर त्याच्या वरताण. पिवळं घरीच होतं. आधी यांच्या रॉकेटवाल्या मंडळातल्या इतरांच्या रॉकेटांवर सराव. पहिल्या वेळी नेम झकास धरला, पण आकडा वाचायला नळी खाली घेतली तर दोराही हलला, आणि त्या हिशेबाने रॉकेट जमिनीवरच होतं. दुसऱ्या वेळी नजर दोऱ्यावर ठेवली, तर रॉकेट कधी गेलं नि कधी उतरलं, मला पत्ता नाही. रॉकेट सोडायचं बटण दाबणारे मंडळातले दंतवैद्य लांबून म्हणाले, “वहिनी, किती?”

“छान गेलं,” मी म्हटलं.

त्यांनी तसंच लिहून घेतलं. तिसऱ्या वेळी रॉकेट वर पोचलं तेव्हा मीच मोठ्याने ‘हां’ म्हणाले आणि वाट बघत राहिले.

असो. जपून राहा. कवळीलाही विचारलंय म्हणून सांगा.

तुमची,
भावजय

ता. क. रविवारी याल का? पिवळं उडवायचंय. गुडघ्यांची काळजी नको, घडीची खुर्ची नेऊ. तुम्ही बसून फक्त आकडा वाचायचा.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच दंतवैद्य येऊन गेले. त्यांनी दोऱ्यापाशी कपडे वाळत घालायचा एक चिमटा बसवला. रॉकेट वर पोचलं की चिमटा सोडायचा, दोरा तिथेच पकडला जातो, मग सावकाश वाचा. फार सुरेख चालतं. जाताना खूश होऊन म्हणाले, “आता तुम्हाला दुसरं कुणी लागणार नाही.” ते गेल्यावर मी चिमटा काढला आणि दोरीवरच्या टॉवेलाला लावून टाकला. तुमची खोली झाडून ठेवली आहे.